वेळ उरल्यास सत्कार

हुरड्याचा वास आला की कुणाला माहेर आठवत असेल, कुणाला शेत. मला प्रोजेक्टर आठवतो. त्याला माझा इलाज नाही. आमच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची विभागीय कॉन्फरन्स भरते. ती कधी भरवायची हे परीक्षेचं वेळापत्रक ठरवत नाही आणि प्राचार्यही ठरवत नाहीत. ते ज्वारी ठरवते. कणसात दाणा भरलाय, अजून कोवळा आहे, नखानं दाबला तर दूध येतं, असं वळसंगकडनं कळलं की आमची निमंत्रणपत्रं निघतात. एकदा जूनमध्ये बोलावून बघितलं होतं. पुण्याचे लोक "बघतो, कळवतो" म्हणाले आणि अजून बघताहेत. पत्राच्या तळाशी "दुपारी शिवारात हुरडा" एवढे तीन शब्द घातले की तिसऱ्या दिवशी होकार येतो. एका विद्वानांनी तर फोनवर विचारलं होतं, "माझ्या भाषणाचा विषय तुम्हीच ठरवा मॅडम, पण हुरडा सुरती आहे ना?"

यंदाही ते दिवस आले. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा अशी आमच्याकडची थंडी सुरू झाली, आणि अक्कलकोट रस्त्याला संध्याकाळी गाडीची काच खाली केली की गोवऱ्यांचा धूर आत यायला लागला. गेल्या आठवड्यात रेणुका कार्यक्रमपत्रिका घेऊन माझ्याकडे सहीला आली. रेणुका आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. पूर्वी माझीच विद्यार्थिनी. मी या महिन्याच्या शेवटाला निवृत्त होतेय. विभागप्रमुख म्हणून ही माझी शेवटची कॉन्फरन्स, म्हणून पत्रिका जरा सावकाश वाचत होते. खोटं कशाला बोलू, माझं नाव शोधत होते. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्या पानावर पेपर, पेपर, चहा, पेपर, जेवण, पेपर. अगदी शेवटी, हुरड्याच्या बसच्या वर, एक ओळ होती: "हिरेमठ मॅडम यांचा निवृत्तीनिमित्त सत्कार, वेळ उरल्यास."

"वेळ उरल्यास?" मी चष्म्यावरून बघितलं.

"होय मॅडम. तुम्हीच शिकवलंय की."

मी पेनाला टोपण लावलं आणि "बघते" म्हणाले. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला राग यायला एवढं पुष्कळ झालं. शिवाय त्या सत्कारासाठी मी इरकल घेऊन ठेवली होती, मोरपंखी, लाल काठाची, आणि ब्लाउज शिवायलाही टाकला होता. पण रेणुका गेली आणि मला सात वर्षांपूर्वीचा हुरडा आठवला. मग काय बोलणार? बोलायला तोंड कुठं होतं मला?

सत्काराबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या सोलापूरची माणसं प्रेमळ, आणि प्रेम दाखवायची त्यांची एकच रीत: समोरच्याच्या खांद्यावर काहीतरी घालायचं. शाल घालतील, टॉवेल घालतील, काही नाही मिळालं तर स्वतःचा हात घालतील. एका समारंभात बुटक्याशा पाहुण्यांना डबलबेडची चादर पांघरलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय. पायऱ्या उतरताना माणूस दिसतच नव्हता, नुसती चादर उतरत होती. आणि एकाचा सत्कार केला की शेजारच्याचा करावाच लागतो. नाहीतर तो पुढची पाच वर्षं बोलत नाही. न का बोलेना, परवडलं. पण "मी काही बोलत नाही" असं सगळ्यांना सांगत फिरतो.

त्या वर्षी कॉन्फरन्सची समन्वयक मी होते. यादी पहिल्यांदा लिहिली तेव्हा सात नावं होती. प्राचार्य म्हणाले, "खजिनदार राहिले की हो." खजिनदार घातले, तर सहसचिवांनी काय घोडं मारलंय? ज्यांनी जनरेटर दिला ते घातले. ज्यांनी दिला नाही, पण मागितला असता तर दिला असता, तेही घातले. तीन-तीनदा यादी वाचली, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून. शेवटी बावीस झाले.

आमचा लॅब अटेंडंट अंबादास यादी बघत उभा होता. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी मराठी, आणि बिघडलेल्या संगणकाशी दोन्ही भाषांत. तो म्हणाला, "म्याडम, नारळ बावीस हाईत. शाली चौदाच."

"मग आण की आठ."

"कशाला म्याडम? पहिल्या आठ जणांच्या मागनं काढून आणतो की. फोटो झाल्यावर शाल कोण बघतंय?"

मला वाटलं चेष्टा करतोय.

रेणुका त्या वर्षी शेवटच्या वर्गात होती. वळसंगची, हॉस्टेलला राहायची. वडील बिराप्पा मेंढरं राखतात. तीन वर्षांत वर्गात तिनं तोंड उघडलं असेल तीन वेळा, त्यातलं दोनदा "मॅडम, लाइट गेली" हे सांगायला. पण पोरीनं एक प्रोग्राम केला होता. मोबाईलवर कळपाचा फोटो काढायचा. प्रोग्राम एकेका मेंढीभोवती हिरवी चौकट काढतो आणि मेंढ्या किती ते सांगतो. संगणकाला हे आपोआप कळत नाही. लहान लेकराला दाखवावं तसं त्याला शेकड्यानं फोटो दाखवत बसावं लागतं: ही मेंढी, हा दगड, ही बाभळ, ही परत मेंढी. ते सगळे फोटो हिनं सुट्टीत रानोमाळ हिंडून काढले होते. मी बघितलं आणि म्हणाले, "तू कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचास."

"मी? इंग्लिशमधी?" तिचा चेहरा पडला.

कारण तसंच होतं. त्या वर्षी पाहुणे होते पुण्याचे डॉ. सबनीस. त्यांनी आधीच कळवलं होतं की विद्यार्थ्यांचे पेपर ऐकून त्यांतल्या एकाला उन्हाळ्यात दोन महिने आपल्या प्रयोगशाळेत नेणार, राहणं-जेवण सगळं तिकडं. अट एकच, पेपर त्यांच्यासमोर वाचलेला पाहिजे. आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या सव्वासहाच्या गाडीनं ते परत निघणार होते. रेणुकाला पुण्याची दुसरी वाट नव्हती. घरचे नको म्हणत होते असं नाही. पुण्यात जाऊन कुणाला काय विचारायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. महिनाभर मी तिच्याकडून इंग्रजी घोटून घेतलं. "रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस" हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की माझ्या घरी माझे यजमान चहा मागताना तसं म्हणायला लागले. आदल्या दिवशी मी म्हणाले, "काही झालं तरी तू वाचणार. माझा शब्द आहे."

कागदावर सगळं छान होतं. साडेदहाला उद्घाटन, साडेअकराला विद्यार्थ्यांचे नऊ पेपर, रेणुकाचा नववा. दिवा लावला तो पंख्यानं विझला, पंखा बंद केला तर खजिनदारांना घाम फुटला, म्हणून दिवा एकीकडे आणि पंखा दुसरीकडे अशी व्यवस्था होईस्तोवर अकरा वाजले. मग सत्कार सुरू झाले. नाव पुकारलं की माणूस तिसऱ्या रांगेतून "कशाला, कशाला" म्हणत उठायचा, कशाला-कशाला म्हणतच पायऱ्या चढायचा. मग शाल, मग नारळ, मग फोटोग्राफर: "सर, हिकडं बघा. हसा की सर. अजून एकदा." एकेका सत्काराला चार मिनिटं. बावीस गुणिले चार किती होतात, हे त्या सभागृहात जमलेल्या एवढ्या संगणकतज्ज्ञांपैकी एकालाही आधी सुचलं नव्हतं.

अंबादास खुर्च्यांमागून वाकून फिरत होता. चेष्टा करत नव्हता तर! सहसचिवांच्या पाठीवरची शाल त्यानं अशी अलगद काढली की त्यांना वाटलं वारा आला. प्राचार्यांची मात्र निघेना. हा मागून ओढतोय, ते पुढून दोन्ही टोकं धरून बसलेत, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी हसू. फोटोत ते दिसतं अजून. डॉ. सबनीसांना प्रमुख पाहुणे म्हणून चादर होती. ती मांडीवर घेऊन ते बिचारे, बाळंतिणीला भेटायला आलेल्या माणसासारखे, अवघडून बसले होते.

सतराव्या क्रमांकाला माझं नाव पुकारलं. मी "कशाला, कशाला" म्हणत उठले. यादी मीच केली होती, सतरावं नाव माझ्याच अक्षरात होतं. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोग्राफरसाठी दोनदा वळले. वळताना भिंतीशी उभी असलेली रेणुका दिसली. हातात पेन ड्राइव्ह गच्च धरलेला, ओठ हलत होते. मी हसले, तीही हसली. ते हसू मला अजून टोचतं. तिला वाटलं मी तिला धीर देतेय. मी फोटोसाठी हसत होते.

पुढचं सांगायला नकोच. सत्कार संपले, सबनीसांचं भाषण झालं, जेवणाला दीड वाजला. जेवणात शेंगाचटणी आणि कडक भाकरी, त्यामुळे कुणी पानावरून उठेना. सव्वादोनला पेपर सुरू झाले, दहा मिनिटांचे पाच-पाच मिनिटांत उरकले. आठवा संपला तेव्हा तीन वाजत होते आणि बाहेर बसचा हॉर्न वाजायला लागला होता. प्राचार्यांनी माईक हातात घेतला. "वेळेअभावी उर्वरित पेपर वाचले असे समजण्यात यावे. सर्वांनी बसकडे चलावं."

उर्वरित पेपर एकच होता.

"सर, एक मुलगी राहिलीय," मी जवळजवळ धावतच गेले.

"अहो मॅडम, हुरडा गार झाल्यावर खातात का कुणी? सर्टिफिकेट देऊ की तिला. नाही कोण म्हणतंय?"

रेणुका माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, पेपर वाचला असं समजायचं, तर मग मी पुण्याला गेले असंबी समजायचं का?"

चिडून बोलली असती तर काहीतरी उत्तर दिलं असतं मी. तोंड काही कमी नाही माझं. पण ती खरंच विचारत होती. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. नुसतं वाईट वाटणं वेगळं, ही सरळ लाज होती. खांद्यावरची शाल काढून मी अंबादासच्या पिशवीत कोंबली आणि तिला म्हणाले, "लॅपटॉप घे. बसमध्ये चढ."

बसमध्ये मी मुद्दाम सबनीसांच्या शेजारी जागा धरली. पण जेवणानंतरची बस आणि मांडीवर सोलापूरची चादर! स्टँड ओलांडायच्या आत त्यांचा डोळा लागला. मी खोकले. जोरात खोकले. मागच्या बाकावरून प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ओवा खा. थंडीचं असं होतंच." त्यांना सगळं कळत होतं.

गंमत अशी की त्या वर्षी हुरड्याचं रान रेणुकाच्याच ओळखीनं मिळालेलं. तिच्या चुलत्याचं. म्हणजे जिच्या घरचा हुरडा खायला एवढी बस भरून निघाली होती, तिचाच पेपर तेवढा ऐकायला वेळ नव्हता. शेजारच्या पडीक रानात बिराप्पांचा कळप बसलेला होता. लेक मोठ्या लोकांसमोर बोलणार आणि ते लोक मग इकडंच येणार म्हणून त्यांनी त्या दिवशी मेंढरं लांब नेलीच नव्हती. पटका नवा बांधला होता. आम्हाला बसायला त्यांनी आपलं काळं घोंगडं अंथरलं आणि काठी टेकून बाजूला उभे राहिले.

हुरडा कसा खातात हे ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको, आणि न खाल्लेल्याला सांगून कळत नाही. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, चुलता ती काढून गरमच हातावर चोळतो, फुंकतो, आणि हिरवे, वाफाळते दाणे आपल्या ओंजळीत पडतात. वर शेंगाचटणी, गुळाचा खडा, मधेच ताक. सबनीसांनी पहिली दहा मिनिटं बोटांच्या टोकांनी एकेक दाणा उचलला. मग कोट काढला. मग बाह्या वर केल्या. थोड्या वेळानं बघितलं तर सगळ्यांचे हात सारखेच काळे, सगळे मांडी घालून बसलेले, आणि पुण्याचा कोण, होटगीचा कोण, काही ओळखू येत नव्हतं. कुणी कुणाच्या खांद्यावर काही घालत नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदा त्या कॉन्फरन्सला बरं वाटलं असावं.

साडेचार झाले. पाचला निघालं नाही तर गाडी चुकणार. मी उभी राहिले. "सर, एक पेपर राहिलाय."

"मॅडम, पाहुण्यांना खाऊ द्या की निवांत," प्राचार्य दातावर दात ठेवून म्हणाले.

"खाऊ देत की. तोंड कामात आहे, कान रिकामेच आहेत!"

सबनीसांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी काळा हात हलवून होऊन जाऊ द्या अशी खूण केली.

लॅपटॉप उपड्या पाटीवर ठेवला, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. तेव्हा अंबादासनं पिशवीतल्या शाली काढल्या आणि दोन काठ्यांवर टाकून झकास सावली केली. त्या शालींचा दिवसभरात झालेला हा पहिला उपयोग. रेणुका उभी राहिली. "रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस," असं म्हणाली आणि थांबली. डायस कुठं होता? डिग्निटरीज पोत्यावर बसलेले, एकाच्या हनुवटीला चटणी. कुणीतरी फिसकन हसलं. झालं! महिनाभर घोटलेलं इंग्रजी त्या हसण्याबरोबर उडून गेलं. ती नुसती उभी. आगटीत गोवरी तडकली तेवढाच आवाज.  मीच तिला हे असं इथं उघड्यावर आणून उभं केलं होतं.

तेवढ्यात मागून बिराप्पा म्हणाले, "मराठीत सांग की ग. घरी सांगतीस तसं."

आणि ती बोलायला लागली. सरळ, एकही शब्द न अडखळता, हातानं दाखवत. पाच मिनिटांत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सबनीस खायचे थांबले. त्यांनी विचारलं, "पण वडिलांना तर एका नजरेत कळत असेल ना? मग हे कशासाठी केलंस?"

"सर, आप्पांना कळतंय. ते मोजत न्हाईत, वळखत्यात. मला आता वळखता येत न्हाई. हॉस्टेलला गेल्यापासनं मेंढरं बदलली. सुट्टीला घरी आले की मला समदी सारखीच दिसत्यात. म्हणून केलं."

 बिराप्पा जमिनीकडे बघत काठीनं माती उकरत होते. म्हणाले, "मोजून काय करायचं? कोण न्हाई तेवढं बघायचं."

सबनीस उठले. "चालवून दाखव," म्हणाले. आणि मग माणसाला हुरडा चढतो म्हणतात तसं झालं. बायकोला पाठवायला फोटो पाहिजे म्हणून त्यांनी बिराप्पांचं घोंगडं उचललं, धनगरासारखी डोक्यावरून खोळ घेतली आणि कळपात जाऊन उकिडवे बसले, मांडीवर कोकरू. रेणुकानं फोटो काढला. लॅपटॉपवर घेतला. आम्ही सगळे शालींखाली माना घालून बघायला लागलो. हिरव्या चौकटी एकेक करत उमटल्या आणि खाली आकडा आला, एकसष्ट.

"बरोबर आहे का हो?" सबनीसांनी अभिमानानं विचारलं, जणू प्रोग्राम त्यांनीच केला होता.

बिराप्पांनी डोळे बारीक करून पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "आकडा मला इचारू नगा," ते म्हणाले. "पर ह्यातली एक माझी न्हाई."

त्यांनी बोट ठेवलं. कोपऱ्यात एक काळा गोळा, त्याभोवती हिरवी चौकट, त्यावर लिहिलेलं: मेंढी, खात्री ब्याण्णव टक्के. चौकटीत डॉ. सबनीस होते.

प्राचार्यांचा चेहरा ताकासारखा पांढरा झाला.  अंबादासला मात्र राहवलं नाही. "चादर पांघरली असती तर वाचले असते की हो सर!"

गेलं पुणं, मी मनात म्हटलं. सबनीसांनी चष्मा काढला, काळ्या बोटांनी पुसला, त्यामुळे तो आणखी काळा झाला, आणि रेणुकाकडे वळले. "का चुकलं?"

मी असते तर सॉरी म्हणाले असते. तिनं घाबरून बघितलंसुद्धा नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, घोंगडं घेतलेल्या माणसाचे फोटो मी त्याला दाखवलेच न्हाईत. आन घोंगडं मेंढीच्याच लोकरीचं हाय. त्याच्या जागी ते बरोबरच हाय. आप्पांचे घोंगडं घेतलेले शंभरभर फोटो काढले की सुधरंल."

सबनीस असे हसले, असे हसले की ठसका लागला आणि ताक द्यावं लागलं. मग सगळेच हसले. प्राचार्य सगळ्यात उशिरा हसले आणि सगळ्यात मोठ्यानं.

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ते दारात उभे होते. खांद्यावर बिराप्पांनी दिलेलं घोंगडं होतं. चादर आमच्याच गाडीत राहिली होती. ओरडून म्हणाले, "त्या मुलीला मे महिन्यात पाठवा! आणि फोटो घेऊन यायला सांगा!" मी तिथूनच रेणुकाला फोन लावला. पलीकडे मेंढरांची बें-बें चालली होती. मग ती म्हणाली, "मॅडम, गेले असं समजू का मग?"

"समजू नकोस. जा!" मी म्हणाले, आणि प्लॅटफॉर्मवर उभी राहून माझं मीच हसत सुटले. लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. बावीस सत्कारमूर्तींची नावं ओळीनं, माझं सतरावं, आणि शेवटी "उर्वरित कार्यक्रम उत्साहात पार पडला." मी कात्रण जपून ठेवलंय, पण शोभेसाठी नाही. बिराप्पांच्या त्या वाक्यानं मला पुढं कितीतरी दिवस छळलं. कुणी राहिलं तर नाही ना म्हणून मी यादी तीनदा वाचली होती. बावीसच्या बावीस होते. जी राहिली होती ती भिंतीशी उभी होती आणि मला बघून हसत होती.

रेणुका दोन महिन्यांसाठी गेली ती पुण्यातच शिकून, पुढची परीक्षा पास होऊनच परत आली. आता तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. कॉन्फरन्स तीन वर्षं तीच बघते. तर अशा मुलीनं समोर ठेवलेल्या पत्रिकेवर मी काय मोठी नाक मुरडणार होते? दुसऱ्या दिवशी सही केली. साडी मात्र नेसायचीच, असं ठरवलं. वेळ उरलाच तर?

काल कॉन्फरन्स झाली. दिवा लावायच्या आधी पंखा बंद केला. नारळ एक. दहाच्या आत पहिला पेपर सुरू झाला. मी मोरपंखी इरकल नेसून पहिल्या रांगेत, आणि दुपारभर माझा एक डोळा घड्याळाकडे. पावणेतीनला शेवटचा पेपर राहिला तेव्हा, आता कबूल करते, "कशाला, कशाला" अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. शेवटची मुलगी होटगीची होती. रेल्वेचं गेट पडलं की किती वेळ पडून राहील, हे आधी सांगणारा प्रोग्राम तिनं केला होता. विषय एवढा जिव्हाळ्याचा की सभागृहातली निम्मी माणसं पुढं सरकून बसली. आणि मुलगी तिसऱ्याच वाक्याला अडली. मान खाली. पाच मिनिटं गेली, सात गेली. तीनला बस. रेणुकाच्या हातात घंटी होती. तिनं घंटी वाजवली असती तर उरलेली आठ मिनिटं सरळसरळ माझी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, मुलीकडे, परत माझ्याकडे.

मी हात हलवला. बोलू दे तिला.

रेणुकानं घंटी टेबलावर ठेवली आणि मुलीला म्हणाली, "मराठीत सांग ग. घरी सांगतेस तसं." ती मुलगी मग अशी सुटली की बस सव्वातीनला निघाली.

बसच्या पायरीवर रेणुका म्हणाली, "मॅडम, वेळ उरला नाही."

"उरला असता तर तुझ्याकडे बघितलं असतं मी!" म्हणाले. खरं तर वाईट वाटत होतं. एकतीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, आणि मीही माणूस आहे. पण तसं म्हटलं तर बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

वळसंगला तेच रान, तीच आगटी. बिराप्पा थकलेत आता, काठीवर जास्त भार देतात. आम्ही सगळे उतरून बसलो तसे ते एकदा सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "अंबादास दिसंना."

"तो रिटायर झाला, लेकीकडे गेलाय," मी म्हणाले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वर्षी मीही नाही हो. माझीही नोकरी संपली."

त्यांनी विस्तवातून एक कणीस काढलं, झटकलं, माझ्या हातात दिलं. "म्होरच्या वर्साला समदी आली आन तुमी न्हाई आला," ते म्हणाले, "तर मला मोजावं लागायचं न्हाई, बाई."

कणीस गरम होतं. ते चोळायच्या निमित्तानं मी मान खाली घातली आणि मला रडू आलं. रेणुकानं बघून न बघितल्यासारखं केलं. मोरपंखी इरकलीवर पाचही बोटांचे काळे डाग पडलेत. साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही.